टीसीएलमध्ये धुतलेले हातमोजे

जालना,
दि. २ नोव्हेंबर १९९६

चि. रखमाजी भाऊजींना झुंबरवहिनीचा आशीर्वाद. केदारखेड्याला सासूबाईंच्या पाया पडते. इकडे सगळं बरं आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. बरं काही नाही.

तुमचं पत्र काल मिळालं. अक्षर शेजारच्या कचरूचं होतं, पण खाली डाव्या हाताने केलेली तुमची सही बघून हे उठून ओट्यावर जाऊन बसले. टाके काढले का? भाकरी डाव्या हाताने मोडता येते का? सासूबाई भरवत असतील तर लाजू नका. नाहीतरी त्यांचे लाडके तुम्हीच.

रोलिंग मिलमध्ये तुमच्या हातावरून रामायण चालू आहे. मालकापासून मिस्त्रीपर्यंत सगळे एकच म्हणतात, स्टोअरच्या मदनलालजींनी चांगले हातमोजे बाहेर विकले आणि कामगारांना नकली दिले. नाहीतर सळईच्या एका कापल्या टोकाने मोजा फाटतो आणि दोन बोटं जातात, असं होईलच कसं? तुम्हीही लिहिलंत, "मदनलालला सोडणार न्हाई."

गुरुवारी पुण्याहून हातमोजे पुरवणाऱ्यांचा माणूस आला. त्याला तुमचा घरी राहिलेला दुसरा जोड बघायचा होता. हे ड्युटीवर, म्हणून मीच घेऊन गेले.

त्याने आधी स्टोअरमधल्या नव्या मोज्याचा धागा काढला. तातेराव मिस्त्री आणि मालक दोन्हीकडून ओढत राहिले, तुटेना. काडी लावली तर काळा पडला, पण वितळला नाही की पेटला नाही. तो म्हणाला, याला अरामिड म्हणतात. पिवळा रंग वरून दिलेला नाही, जन्माचाच आहे. तेजाबात विरघळवून बारीक छिद्रांतून ओढून काढतात. वजनाला वजन धरलं तर पोलादाच्या तारेपेक्षा पाचपट ताकद.

मग त्याने आपला जोड घेतला. धागा ओढला आणि पट्कन तुटला. दुसरा ओढला, तोही.

"माल अस्सल आहे," तो म्हणाला. "पण कुणीतरी हे टीसीएल पावडरमध्ये भिजवून उन्हात वाळवलेत. एकदा नाही, पुष्कळदा. या धाग्याला आग सोसते, सुरी सोसते. ब्लीचिंग आणि ऊन सोसत नाही."

मालक मदनलालजींवर धावून गेले. "म्हणजे वापरलेले धुऊन नवे म्हणून वाटले का?" म्हातारा हात जोडून म्हणाला, "बिलकुल न्हाई सेठ. लेकराची आन. मी साध्या साबणानं धुवा म्हून बराबर सांगून राह्यलो सगळ्यांना." कुणाला पटलं नाही. आणि मी? मी पदर सावरला आणि घरी आले.

आता ओळखलंत ना?

माझा स्वच्छतेचा सोस तुम्हाला ठाऊक. तुम्हीच चिडवायचे, "वहिनी, एक दिवस मलाबी टीसीएलमध्ये भिजवतान." पाण्याच्या टाकीसाठी नगरपालिकेने दिलेली ती पावडर मी पाडव्यापासून दर रविवारी तुमच्या मोज्यांना वापरली, आणि पत्र्यावर दिवसभर वाळवले. मदनलालजींचा निरोप तुम्ही मला दिला होता, साधा साबण लावा म्हणून. मी म्हणाले, पुरुषांना डाग काय कळतात!

दसऱ्याला तर कहरच केला. मिलमध्ये हत्यारांच्या पूजेला मोजे मांडणार म्हणालात. देवीपुढे तेलकट डाग कसे ठेवायचे? दुप्पट पावडर घातली, दोन दिवस ऊन दाखवलं. डाग पार गेले. तातेराव मिस्त्रीने विचारलं, "नवे काढले का रे?" तुम्ही घरी येऊन मला कौतुकाने सांगितलंत, आणि मी फुगून गेले. तिसऱ्या दिवशी तुम्हाला दवाखान्यात नेलं.

तुमच्या पत्रात शेवटी आहे, "वहिनी, तुमच्या हाताचे धुतलेले मोजे होते म्हून पंजा तरी राह्यला." यांना पत्र वाचून दाखवताना ती ओळ मी गाळली.

दोन दिवस अन्न गेलं नाही. आज सकाळी मिलच्या ऑफिसात गेले आणि मालकांसमोर सगळं सांगून टाकलं. मदनलालजी तिथेच होते. वाटलं, आता शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि एवढंच विचारलं, "बाई, रखमाजीला सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. म्हणून घरी आले ती तशीच लिहायला बसले. यांना संध्याकाळपर्यंत मिलमधून कळेलच, पण तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये.

मी माफी मागत नाही. मागायला तोंडच नाही. मदनलालजींना मात्र दोन ओळी पाठवा, डाव्या हाताने का होईना. दिवाळीला यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आलात तर मोकळेपणी भांडा. गप्प बसून माझ्या हातचं जेवू नका, तेवढं मला सोसणार नाही.

जिच्या हातून तुमची बोटं गेली,
ती तुमची वहिनी,
झुंबर