प्रमुख पाहुण्यांचे मनोगत

नॉटिंगहॅम, ४ ऑक्टोबर १९९३

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मंडळाच्या दिवाळीला यंदा प्रमुख पाहुणे म्हणून आमचे शेजारी व्हिटास आजोबा! हे आणि मी दोघंही हॉस्पिटलात, त्यामुळे शाळा सुटल्यावर मीनलला तेच सांभाळतात. ते नसते तर माझी नोकरी केव्हाच सुटली असती. मूळचे लिथुएनियाचे, युद्धानंतर इकडे आलेले. म्हणून फिल्म सोसायटीकडून त्यांच्याच देशाचा सिनेमा मिळवलाय. ह्यांचं म्हणणं, आधी बघून घ्या. म्हटलं, तुम्ही खुर्च्या मांडा, तेवढं पुरे.

अडचण एकच. सिनेमाचं नाव ऐकल्यापासून आजोबा नको नको म्हणतायत.

लोभ आहेच, तो वाढता राहो.
तुझी
सुमेधा


ब्रिस्टल, ११ ऑक्टोबर

चि. सौ. सुमेधास,
अ. उ. आ.

अगं, पहिल्या निमंत्रणाला हो म्हणणारा प्रमुख पाहुणा मी तरी पाहिला नाही. आपले अण्णा शाल अंगावर पडेपर्यंत नको म्हणायचे आणि मग तासभर बोलायचे. भरपूर आग्रह कर. सिनेमानंतर दोन शब्द बोलायलाही लाव.

मीनलला गोड पापा. आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेतच.
ताई


नॉटिंगहॅम, १५ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आग्रह केला. शाल, श्रीफळ, पहिल्या रांगेत खुर्ची, सगळं यथासांग झालं. मग सिनेमा. त्यात जर्मन जेमतेम दिसले. ज्यूंना घरांतून ओढून रानात मारायला नेलं ते गावच्याच शेजाऱ्यांनी, आणि संध्याकाळी त्यांचेच कोट घालून ते जेवायला बसले.

दिवे लागले. सूत्रसंचालन करणाऱ्या, मंडळाच्या गिरीशने कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे प्रमुख पाहुण्यांचं मनोगत पुकारलं. आजोबा उठले. म्हणाले, सिनेमा खरा आहे; आमच्या गावात त्या लोकांना न्यायला गाडी आमची होती आणि ती मी हाकली. एवढं बोलून बसले. आपल्या लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. गिरीशने अनुभवाचे बोल ऐकवल्याबद्दल आभार मानले आणि फराळाला चला म्हणाला. मला तिथेच रडू फुटलं.

आज रजा घेऊन मीनलला शाळेतून मीच आणलं. आजोबांना बरं नाही, असं तिला सांगितलं. ते तर फाटकाशी धडधाकट उभे, तिचीच वाट बघत. आम्हाला पाहून त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, बरोबर केलंस, मीही हेच केलं असतं.

ताई, ते भांडले असते तर बरं झालं असतं. पुढच्या सोमवारी मला कामावर जायचंय, आणि मीनलला सोपवायला त्यांच्याइतकं भरवशाचं माणूस मला अजूनही दुसरं सुचत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
सुमेधा