वाढत्या मापाचं शिरस्त्राण

१८ जानेवारी, रविवार
अथ शिरस्त्राणकथा. सईच्या नव्या स्की-हेल्मेटच्या बकलाने आज माझ्या हनुवटीला चिमटा काढला. घालून बघायला कुणी सांगितलं होतं, हे बायकोचं, अनघाचं म्हणणं. नवी वस्तू घरात येते लेकीसाठी, रक्त सांडतं गृहस्थाचं. याची दाद इथल्या कौन्सिलकडेही मागता येत नाही. फेब्रुवारीत हाफ-टर्मच्या सुट्टीत शाळेची स्की ट्रिप. आल्प्स. सई अकरा वर्षांची. हेल्मेट मला छान बसलं, हे मात्र कबूल.

१९ जाने.
बापाला बसतं ते पोरीला कसं बसेल, हे ट्रॅममध्ये सुचलं. घरी विचारलं. "वाढत्या मापाचं घेतलंय. आत कानटोपी घालेल," अ. म्हणाली. माझा मुंजीतला सदरा मला कॉलेजात बसायला लागला, त्यामुळे तत्त्वाला विरोध करता येईना.

२५ जाने., रविवार
ड्राय स्लोपवर, म्हणजे बर्फाविनाच्या कृत्रिम उतारावर, सराव. शिकवणाऱ्या बाईंनी सईला मान हलवायला सांगितली. मान हलली, हेल्मेट जागच्या जागी. बाईंनी आतली कानटोपी काढून माझ्या हाती दिली, मेलेला उंदीर द्यावा तशी. तिथलंच एक मापाचं हेल्मेट चढवलं.
मग बुटाला स्कीशी धरून ठेवणारी पकड. पडल्यावर ती सुटली पाहिजे. किती घट्ट लावायची हे उंची, वजन आणि मुलीला येतं किती, यावर. येतं किती?
"शी इज व्हेरी गुड." अ. आणि मी, एका सुरात. सई आयुष्यात तिसऱ्यांदा स्कीवर उभी होती.
बाई हसल्या नाहीत. वाढवून सांगितलं की पकड घट्ट लागते, मग पडल्यावर सुटत नाही, पाय पिळवटतो, एवढंच म्हणाल्या. नवशिक्यांची लावली. सई दोनदा पडली, दोन्ही वेळा स्की सुटली. हसत उठली.

१२ फेब्रु.
बदलून आणलेलं हेल्मेट मापाचं. मला चढत नाही, अ.ने मुद्दाम चढवून पाहिलं.
सईला बजावलं, तिथे विचारलं तर बिगिनर म्हणायचं.
"पण बाबा, एमिली इंटरमीडिएट सांगणार. मी बिगिनर कसं सांगू?"
अ.ने माझ्याकडे पाहिलं. पियानो, पोहणं, गणितातली तुकडी... कुणी विचारलं की एक पायरी वरची सांगायची, हे ती आमचंच ऐकत आलीय.

१३ फेब्रु.
शाळेची बस गेली. स्की आणि तिची पकड तिथल्या दुकानात लावून देणार. बरोबरच्या सरांना सांगून ठेवलंय, पण त्यांच्याकडे बसभर पोरं. हेल्मेटची काळजी मिटली. दुकानातला माणूस सईला विचारेल, किती येतं. ती काय सांगेल, माहीत नाही. मला त्याचीच भीती वाटते.