नीलावहिनींच्या देवघरातला निसणा

तेल लावलं. सुऱ्यांना धार लावायच्या पाण्याच्या दगडाला तेल लावलं, त्यावर शेंदूर फासला, हळदकुंकू वाहिलं आणि वर मला म्हणाल्या, बघ कसं तेज आलंय. या गोष्टीला दहा महिने झाले. माझ्या मोठ्या जाऊबाई, नीलावहिनी, यांना अजून वाटतं की मी रुसले आहे. मी रुसलेली नाही. मला माझा दगड पाहिजे. तोंडाने सांगून कोणी ऐकत नाही म्हणून कागदावर लिहिते, आणि कागदच करायचा तर पक्का करते.

मी, अहिल्या जगन्नाथ बिडवे, वय एकावन्न, शिक्षण चौथी, धंदा सुऱ्यांना धार लावणे, राहणार फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने एक बोथट सुरी घेऊन यावं. मला कोणी पढवलेलं नाही, धमकावलेलं नाही. पुढच्या आठवड्यात गुरुवारी, २८ तारखेला, माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, रुटीन आहे. त्यांना असेल. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही, वेळच मिळाला नाही.

कलम १. राहतं घर माझा मुलगा ओजस याला. तो सिॲटलला असतो, इथे येऊन राहणार नाही, हे मला माहीत आहे. खुशाल विक. फक्त गॅरेजमधला मोठा नळ आणि सिंक दाखवायला लाजू नकोस. घर बघायला येणाऱ्यांना सांग की माझी आई इथे काम करायची.

कलम २. बँकेत आहे ते ओजसला. किती आहे ते बँक सांगेल, कोणी अंदाज बांधत बसू नये.

कलम ३. फ्रिजच्या दाराला एक यादी लावलेली आहे. धारेला आलेल्या सुऱ्या कोणत्या हॉटेलच्या, ते त्यात लिहिलंय. मी गेले तर त्या पहिल्या परत करा, मग रडा. दुसऱ्याची सुरी माझ्या मृत्युपत्रात अडकू नये. आचाऱ्याचा हात त्याच्या सुरीवाचून पांगळा असतो.

कलम ४. माझ्या वडिलांची धोकटी. वडील न्हावी, वाईला बाजारात बसायचे. धोकटीत दोन वस्तरे, चामोटं, आरसा आणि त्यांचा निसणा, वस्तऱ्याला धार लावायचा काळा दगड. ते त्यावर खोबरेलाचे दोन थेंब टाकून वस्तरा फिरवायचे आणि मी समोर बसून बघायची. मला हात लावू देत नसत. पोरीचं काम नाही म्हणायचे. धोकटीही ओजसला. तो म्हणेल, मॉम, व्हॉट डू आय डू विथ धिस. काही करू नकोस. खुंटीला लाव.

कलम ५. आता दगड. इथे मला जरा लांब लिहावं लागेल, कारण बाकीचं कोणीही वाटू शकतं, हे फक्त मलाच समजतं.

प्रतापभाऊजी, म्हणजे नीलावहिनींचे मिस्टर, इंजिनिअर होऊन आधी आले. त्यांनी माझ्या मिस्टरांना बोलावून घेतलं. जगन्नाथ इंडियन हॉटेलात तंदूरवर आणि मी सांता क्लाराला एका जपानी हॉटेलात भांडी घासायला. तिथे दर मंगळवारी मोरितासान यायचे. सत्तरीचे, पाठीत वाकलेले. मागच्या दाराशी ओली फळी मांडून सगळ्या सुऱ्यांना धार लावायचे. मला इतक्या वर्षांनी वडील दिसले. एक दिवस ते उठून गेले तेव्हा मी किचनमधली तेलाची बाटली उचलली, म्हटलं म्हाताऱ्याची जरा मदत करू. बाटली तिरपी केली आणि त्यांनी मागून येऊन माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी पिचली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मलाही नाही, दोघांचे मिळून पंधरा शब्द होत असतील. बाटली काढून घेतली, ओगराळ्याने दगडावर पाणी घातलं आणि माझं बोट धरून त्यावर फिरवलं.

पुढची तीन वर्षं त्यांनी मला सुरीला हात लावू दिला नाही. नुसते दगड सपाट करायचे. दगडावर दगड घासायचा, मध्ये खड्डा पडलेला काढायचा. मी कितीदा चिडून उठून गेले, आणि मंगळवारी परत तिथेच.

हे दगड कारखान्यातले नव्हेत. क्योतोजवळच्या डोंगरातून खणून काढलेले, आणि त्यातल्या बहुतेक खाणी आता बंद आहेत. एकासारखा दुसरा नसतो. बाजूंना मोरितासाननी लाखेसारखं रोगण चढवलंय, म्हणजे पाणी थरांत शिरून दगड फुटत नाही. पाच आहेत. चार गॅरेजमध्ये आहेत. पाचवा शेवटच्या हाताचा, अंड्याच्या बलकाच्या रंगाचा, अर्ध्या विटेएवढा. त्यावर धार फिरवताना घट्ट वरणात पळी फिरवल्यासारखं लागतं. २००३ साली मोरितासान वारले तेव्हा त्यांच्या मुलीने हे पाचही वर्तमानपत्रात गुंडाळून मला आणून दिले. वर जपानीत चिठ्ठी होती. मला वाटलं, माझं नाव असेल. हॉटेलच्या शेफने वाचून दाखवलं: "तेलवाल्या बाईला द्यावेत."

कलम ६. अंतरा. ही नीलावहिनींची मुलगी, वय तेवीस, सांता क्लाराला ऑफिसात. गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती शनिवारी माझ्याकडे गॅरेजमध्ये यायला लागली. म्हणाली, काकू, इट्स सो काल्मिंग. मी म्हटलं, शांती पाहिजे तर देवळात जा, इथे सुरीचा कोन सांभाळ. तिने सांभाळला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मी तिला सांगितलेलं नाही, इथे लिहिते. सप्टेंबरात वहिनींना कळलं. त्या माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहिल्या, ज्यातून पोरांना बाहेर काढायला आम्ही इतक्या लांब आलो, तेच तू तिच्या हातात देतेस?" वहिनींचे वडीलही न्हावीच होते, नगरला. अंतराचे शनिवार बंद झाले.

मग ऑक्टोबरात खंडेनवमी. वहिनी दरवर्षी पाट मांडतात, घरातली सगळी हत्यारं पूजेला. भाऊजींचा लॅपटॉप, अंतराच्या गाडीची किल्ली. त्यांनी माझ्याकडून सुऱ्या आणि एक दगड मागून नेला. मला वाटलं, भांडण मिटवतायत, म्हणून मी सगळ्यात चांगला, तो पाचवा, दिला. कामावरून तिथे पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी म्हटलं, "वहिनी, हा पाण्याचा आहे."

त्या म्हणाल्या, "अगं, तेलाशिवाय शेंदूर धरतो का?"

मी दगड उचलून सिंककडे निघाले तर आडव्या आल्या. "देवाला साबण लावतेस?"

झालं. शेंदूर लागला म्हणजे देव, आणि देवाला घासायचं नाही. दगड वहिनींच्या देव्हाऱ्यात जाऊन बसला. मी तिथे सगळ्यांसमोर बोलले की तुम्ही हे मुद्दाम केलंत, अंतराच्या हातात पडू नये म्हणून. ते वाक्य मी मागे घेत नाही. अर्धं घेते. त्यांच्याही माहेरी निसण्याला खोबरेलच लागत होतं. मीही बाटली उचलली होतीच, फरक इतकाच की माझं मनगट धरायला माणूस होता. आणि जगन्नाथ गेले तेव्हा याच बाईने तीन महिने माझ्या घरी झोपून मला दोन्ही वेळ जेवायला घातलं, तेही लिहायला पाहिजे, नाहीतर कागद खोटा होईल.

पण दगडाला यातलं काही कळत नाही. तेल आत उतरत जातं. तेल प्यालेल्या दगडावर सुरी नुसती घसरते, धरत नाही. वहिनी दर शनिवारी नवं तेल घालतात. वरचा नखभर थर झिजवून काढला तर खाली चांगला दगड सापडेल, अजून सापडेल. ते घासायचं काम एका दिवसाचं नाही आणि ते कसं करायचं हे इथे मी सोडून कोणालाही येत नाही. ऑपरेशननंतर कित्येक आठवडे मला जोर लावायचा नाही. उठलेच नाही तर प्रश्नच मिटला.

कलम ७. म्हणून पाचही दगड अंतराला देते. अटी अशा: रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचे नाहीत. डिशवॉशरमध्ये घालायचे नाहीत, हसू नका, ओजस एकदा घालणार होता. कॉम्प्युटरवर बोली लावून विकायचे नाहीत. नोकरी सोडू नये, पण आठवड्यातून एकदा तरी सुरी फिरली पाहिजे.

अंतरा सज्ञान आहे. कायद्याने मला तिच्या आईला विचारायची गरज नाही, हे मी लायब्ररीतल्या वकिलाला विचारून घेतलं आहे. तरी विचारते. आईच्या मनाविरुद्ध आलेली वस्तू कपाटात जाते, आणि कपाटात ठेवायला मोरितासाननी मला ते दिले नव्हते. वहिनी, देव्हाऱ्यात तुम्हाला दगडच हवा असेल तर वडिलांचा काळा निसणा घेऊन जा. ओजसची हरकत असणार नाही. त्या दगडाला तेलाची सवय आहे.

मृत्युपत्राची झेरॉक्स नीलावहिनींच्या टपालपेटीत आजच टाकत आहे, माझ्या मरणाची वाट न बघता.

ठिकाण: फ्रीमाँट. सोमवार, १८ ऑगस्ट २००८.

सही: अहिल्या जगन्नाथ बिडवे

साक्षीदार: मालिनी सरदेशमुख, शेजारीण. (वाचू का म्हणाल्या, मी म्हटलं सही करा.)
साक्षीदार: अनिल टिपणीस, समोरच्या घरात राहणारे.
दोघांच्या देखत मी सही केली, मग त्यांनी केली. दोघांनाही यातलं काही मिळणार नाही.

नीलावहिनी, ऑपरेशनच्या आधी तेलाचा थर घासून काढायला आणि ते अंतराला शिकवायला रविवार ते बुधवार माझ्या हातात चार दिवस आहेत. अंतरा रविवारी सकाळी दगड घेऊन माझ्याकडे येईल की नाही, ते शनिवारी, २३ तारखेला, तेलाची वाटी हातात घ्यायच्या आधी मला फोन करून सांगा. हो किंवा नाही. बघते, विचारते, यांना सांगते, यातलं काही मी उत्तर धरणार नाही.