बूम घाटातला कोळसा

बिश्केक, १२ ऑक्टोबर २००४

ती. बुरमा एजेस, धाकट्या बहिणीचा, अनाराचा सा. न. वि. वि.

आई बरी आहे, हे आधी वाचून घे. शनिवारी तिला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी घेऊन निघाले, ते बूम घाटापर्यंत सगळं ठीक होतं. उतारावर पुढे कोळशाचा ट्रक होता. त्याच्यावरून मुठीएवढा तुकडा सुटला आणि थेट समोरच्या काचेवर आला. आईच्या कपाळाला तीन टाके पडले. ऑपरेशन पुढे गेलं. ट्रक थांबलाच नाही, आणि नंबर चिखलानं माखलेला.

पोलीस म्हणतो, ट्रकवरून पडताना कुणी पाहिलं असेल तर जबाबदारी ट्रकवाल्याची. रस्त्यात पडलेला तुकडा चाकाखालून उडाला असेल तर तुमचं तुम्ही बघा. आईनं डोळे मिटलेले होते. एमिल तर नवरा असून म्हणतो की तुकडा रस्त्यातच होता, तुझंच लक्ष नव्हतं, बायकांनी घाटात गाडी घालूच नये. किल्ली त्यानं स्वतःच्या खिशात ठेवली आहे. सोमवारपासून मी शाळेत शिकवायला बसनं जाते.

भावोजीही त्याच दिवशी कोळसा घेऊन निघाले होते ना? अकराच्या सुमारास घाटात कोण होतं, त्यांना विचारशील? आई तुझ्या हातच्या, वाळवलेल्या दह्याच्या कुरुतची आठवण काढते, माझं ताक तिला पाणचट लागतं.

मुलांना पापा. माझ्यावर राग धरू नकोस.

तुझी अनारा

•

कोचकोर, १७ ऑक्टोबर २००४

चि. अनारास आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईचे टाके कोरडे ठेव. तिला साबण सोसत नाही, हे तुला ठाऊक नसेल. अकरा वर्षं तिचे केस मी धुते.

ह्यांना विचारलं. घाटात रोज पन्नास ट्रक असतात, कोण कुणाचे तुकडे मोजतो? आणि ट्रकच्या शेपटाला चिकटून गाडी चालवायला तुला कुणी सांगितलं होतं? एका हातानं चाक धरायचं आणि दुसऱ्या हातानं आईला सफरचंदाच्या फोडी भरवायच्या, मग काच फुटली की ट्रकवाला वाईट. एमिलचं अगदीच चूक नाही.

त्या दिवशी मलाही यायचं होतं. मागच्या सीटवर गाद्या आहेत, पुढच्या वेळी बघू, म्हणालीस. गावभर मात्र आई सांगत होती की माझी अनारा स्वतः गाडी चालवत न्यायला आली. मी दारात उभी होते. माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नसावं.

इकडे थंडी सुरू झाली. आईला लोकरीचे मोजे घाल.

बुरमा

•

बिश्केक, २१ ऑक्टोबर २००४

ती. एजेस सा. न.

सफरचंदाचं मी तुला लिहिलं नव्हतं. एमिललाही सांगितलेलं नाही, आणि आई तर त्याच्यासमोर ब्र काढत नाही. घाट उतरताना मी तिला फोडी देत होते, हे पुढच्या ट्रकमधूनच कुणाला दिसलं असेल.

शनिवारी तू कुठे होतीस?

तुझं पत्र मी कुणालाही दाखवणार नाही. तुझ्याकडूनच कळावं.

अनारा

•

कोचकोर, २९ ऑक्टोबर २००४

प्रिय अनारा,

ह्यांच्या शेजारी, ट्रकमध्ये. तुम्ही गाद्या लादत होता तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, मलाही शहरात न्या. रागानं निघाले. घाटाच्या आधी हे म्हणाले की ताडपत्रीची दोरी सुटलीय, थांबून बांधतो. मी थांबू दिलं नाही. आरशात तुझी गाडी दिसली होती, आणि तू आमच्या मागे, आमची धूळ खात यावीस असं मला वाटत होतं. आई तुझ्याकडे बघून हसत होती. आमच्या ट्रकमध्ये ती एकदाही बसली नाही, कोळशानं रुमाल काळा होतो म्हणते.

तुकडा पडताना मी पाहिला. तुझी काच पांढरी झालेलीही पाहिली. तू गाडी सरळ कडेला घेतलीस, म्हणून मी स्वतःची समजूत घातली की लागलं नसेल. इंजिनाच्या आवाजात ह्यांना काही कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. आई त्या गाडीत होती, तरी नाही सांगितलं.

तुझं दुसरं पत्र आल्यावर ह्यांना सांगितलं. सोमवारी दोघं पोलिसांकडे गेलो, मी साक्ष लिहून दिली. ह्यांचं लायसन्स वसंतापर्यंत गेलं. काल हे म्हणाले, दोरी बांधणं माझं काम होतं, तू नको म्हणालीस म्हणून ते तुझं होत नाही. मला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

शिक्का मारलेली नक्कल सोबत आहे. एमिलसमोर ठेव आणि किल्ली माग. मागताना आवाज खाली ठेवू नकोस.

आईला काही सांगू नकोस. रविवारी येऊन मीच सांगेन. मला घ्यायला मात्र गाडी आणू नकोस, बसनं येईन. तू चालवताना दिसलीस की अजूनही माझ्या पोटात दुखेल. ते गेलंय असं लिहिलं तर पुन्हा खोटं होईल.

जमलं तर दार तू उघड.

तुझी एजे,
बुरमा