वाचनालयाच्या फळ्यावरची तीन चॅनेलं

काका, तुम्ही गेल्यावर वाचनालयाच्या दारातला फळा कितीतरी वर्षं कोराच होता, हे आधी सांगून टाकते. मी रोज पुसत होते, पण लिहीत काही नव्हते. तुम्ही इथे ग्रंथपाल होतात तेव्हा दर सोमवारी त्यावर एका पुस्तकाचं नाव असायचं, खाली तुमच्या तिरक्या अक्षरात दोन ओळी, आणि शेलूबाजारच्या जीपची वाट पाहणारी माणसं उभ्या उभ्या ते वाचायची. एखादा आत यायचा. बाकीचे जीपमध्ये बसून निघून जायचे. मला वाईट वाटायचं, तुम्हाला नाही. "फळा वाचला ना त्यायनं? मंग झालं," एवढं म्हणून तुम्ही पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालायचात.

मी तिथं झाडायला आले होते. दहावी झालेली सून, घर बुद्धविहाराच्या मागे, सकाळी दुसऱ्याच्या वावरात निंदण आणि दुपारी वाचनालयात झाडू. पहिल्या महिन्यातच तुम्ही माझ्या हातात एक कादंबरी दिलीत आणि म्हणालात, "हे घरी ने. कपाटं पुसून पुसून पुस्तकं कळत नाईत." ती मी चुलीपुढे वाचली, एका हातानं भाकर थापत. परत आणली तेव्हा चार पानांना हळद लागली होती. मी मान खाली घालून उभी. तुम्ही पानं उलटून पाहिलीत आणि हसलात. "चौथ्या प्रकरणापर्यंत हळद हाय. म्हंजे स्वयंपाक चालू असतानाच वाचलं. चांगलं हाय."

रागावलात ते एकदाच, पण ते कायमचं लागलं. मुख्याध्यापक बाई पुस्तक शोधत होत्या आणि तुम्ही बँकेत गेला होतात. मी कपाटातलं एक जाडजूड काढून दिलं, लई चांगलं हाय म्हणून. दुसऱ्या दिवशी बाई ते परत घेऊन आल्या, मधली चाळीस पानंच नव्हती. तुम्ही त्यांच्यासमोर काही बोलला नाहीत. त्या गेल्यावर म्हणालात, "वाचलं होतं का तू?" मी नाही म्हटलं. "न चाखता वाढत जाऊ नको व पोरी. लोक आपल्या भरवशावर जेवतात." आणि तुम्हीच पुढच्या वर्षी ग्रंथपालाच्या वर्गाचा फॉर्म माझ्यापुढे ठेवलात, माझ्या सासऱ्यांशी बोलायला घरी आलात, ओसरीत बसून चहा घेतलात, आणि पहिल्या दिवशी माझ्याबरोबर जीपनं वाशीमला आलात. मी वर्गात, तुम्ही बाहेर कडुलिंबाखाली. दुपारी मी बाहेर येते तर तुम्ही रुमाल तोंडावर टाकून झोपलेले.

तुम्ही गेलात तेव्हा मोबाईलला बटणं होती. नंतरचं तुम्ही पाहिलं नाहीत. हळूहळू सगळ्या हातांत काचेचे फोन आले आणि जीपची वाट पाहणारी माणसं मान खाली घालून उभी राहायला लागली. फळ्याकडे कुणी बघेना, म्हणून मीही लिहायचं मनावर घेतलं नाही. दिवसाला दोन वाचक आले तर मला सण वाटायचा. मग एका दुपारी दारातल्या सावलीला एक म्हातारे शेतकरी बसले होते. फोनवर काहीतरी बघत होते, मोठा आवाज लावून. मला वाटलं, आता यांना आवाज कमी करा म्हणावं. तेवढ्यात त्यांनीच फोन माझ्यापुढे धरला. "बाई, तुमी पुस्तकातल्या. हा मानूस किल्ल्याचं सांगून राह्यला. हे खरं हाय का खोटं?"

काका, बघून सांगते, म्हटलं. पण घरी जाता जाता वाटलं, हा तर तुमचाच प्रश्न. काय घ्यावं, काय टाकावं. माणूस विचारतोय, फक्त पुस्तकाबद्दल विचारत नाही.

मी बघायला बसले. महिनाभर, स्वयंपाक करताना, कपडे धुताना, फोन खिडकीत टेकवून. तुमचा नियम धरला, पुरं पाहिल्याशिवाय नाव लिहायचं नाही. त्या किल्ल्यावाल्याचे बारा भाग पाहिले. आवाज भारदस्त, मागे नगारे, आणि पुरावा एकही नाही. त्याला सोडलं. मग एक निवृत्त शिक्षिका सापडल्या. त्या देवळांपुढचे वीरगळ दाखवतात, कुठे कळलं नाही तर तसं स्पष्ट सांगतात. त्याच मोडी लिपीही शिकवतात, एका वेळी एक अक्षर. गाण्यांसाठी एक चॅनेल मिळालं, तिथे म्हाताऱ्या बायका जात्यावरच्या ओव्या म्हणतात आणि मध्येच विसरल्या की एकमेकींना चिमटे काढतात. करमणुकीला आपल्याच वऱ्हाडीतले नवरा-बायको, रोज एका भाजीवरून भांडणारे. सोमवारी खडू घेतला. इतिहास, गाणी, करमणूक. तीन नावं, प्रत्येकाखाली दोन ओळी.

पहिली जीप आली ती पाच मिनिटं उशिरा सुटली. लोक फळ्यावरून नावं उतरवून घेत होते.

दोन आठवड्यांत तुमची खोली भरायला लागली. बाया यायच्या, "मागच्या बारीची ओवी मस्त होती, आता काय हाय?" म्हणत. मी रविवारी दुपारी माझ्या घरचा टीव्ही आणून लावायला लागले. वीरगळाचा भाग संपला की तीन जण तरी तुमच्या इतिहासाच्या कपाटापुढे उभे राहायचे. आणि मग वर्षभरानं एक दिवस आपले वाचनालयाचे अध्यक्ष आले. तुम्हाला आठवतील ते तरुणपणचे, घोड्यासारखे चालणारे. आता केस पिकलेत, चाल तीच. त्यांनी फळा वाचला, खिशातून रुमाल काढला आणि स्वतः पुसला.

"बाई, हे वाचनालय हाय का टाकीज? काय कामाचं हाय हे? खोली गोदामाले देऊन टाकू, पुस्तकं राहतील ग्रामपंचायतीत."

"भाऊ, लोक पुस्तकं नेऊन राह्यले. रजिस्टर पाहा."

"रजिस्टर ठेवा तुमचं. इतिहास पाहून एक तरी काम झालं का कोनाचं?" मग त्यांना काहीतरी सुचलं. "आमच्या देव्हाऱ्यात पाटीलकीची सनद हाय. मोडीत. पंजोबापासून पूजा होते तिची. कोनाच्या बापाले वाचता आली नाई. तुमच्या त्या चॅनेलवर मोडी शिकवतात ना? आमसभेत वाचून दाखवा. फळा राहील. नाई तं खोली खाली."

मी हो म्हटलं. मोडीचे धडे मी वर्षभर गिरवत होते खरे, पण पाटीवरचं मोडी निराळं आणि शंभर वर्षांच्या कुंकवाखालचं निराळं. अध्यक्षांच्या आईनं कागदाचा फोटो काढू दिला. नव्वदीच्या आहेत त्या, ताठ बसतात. पंधरा दिवस मी तो फोटो मोठा करून एकेक अक्षर वहीत उतरवत राहिले. नवरा म्हणाला, "सनद हाय तं सनद. कायले इतकी मरून राह्यली?" मी धडे पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहते, एक वळण जुळतं, दुसरं सुटतं. अकराव्या दिवशी एक शब्द उघडला, 'पंचमी'. मग 'बैल'. मग सगळंच हललं. माझं वाचन त्या शिक्षिका बाईंना पाठवलं. त्यांनी दोन शब्द दुरुस्त केले आणि लिहिलं, बाकी बरोबर आहे.

ती सनद नव्हती, काका.

सभेच्या आदल्या दिवशी मी अध्यक्षांच्या घरी गेले. चारचौघांत त्यांचा पचका करायचा नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं आणि सुपारी कातरायला घेतली. मग हळूच म्हणाले, "बाई, सभेत सनदच म्हना. एवढंच. फळा बी राहील, खोली बी राहील. कोनाले समजते?" मी उठले. घरी येताना मन म्हणत होतं, म्हणून टाक. एक शब्द आहे. त्या एका शब्दावर तुमची सगळी कपाटं वाचतात. तीन घरं ओलांडेपर्यंत मी जवळजवळ तयार झाले होते. पण मग उद्यापासून फळ्यावर काय लिहू, आणि कोणत्या तोंडानं लिहू? सावलीतल्या त्या म्हाताऱ्यांनी फोन पुढे धरून खरं का खोटं विचारलं, तर काय सांगू?

सभेला शाळेचा हॉल भरला. पुढच्या खुर्चीवर अध्यक्षांची आई. मी उभी राहिले, त्यांनी देव्हाऱ्यातून आणलेला कागद हातात, आणि आधीच सांगितलं की ही सनद नाही, पत्र आहे. मागे कुजबूज झाली. अध्यक्ष जमिनीकडे पाहू लागले. मी वाचलं: "आमची बहीण तीन पंचम्या माहेरी आली नाही. आई अन्न टाकून बसली आहे. गाडी व बैल पाठविले आहेत. आमचे काही चुकले असल्यास पदरात घ्यावे, परंतु गाडी रिकामी परत धाडू नये."

एवढंच होतं. मग मागून एका बाईनं विचारलं, "मंग गेली का व थे माहेरी?"

"कागदात नाई," मी म्हटलं. "आपल्याले माहीत नाई."

अध्यक्षांच्या आईनं हात पुढे केला. मी कागद त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो छातीशी धरला, डोळे भरून आले होते पण आवाज खणखणीत. "आमच्या घरात आलेल्या सुनेनं ठेवला हा. सनद राह्यती तं मानसायच्या पेटीत राह्यती. देव्हाऱ्यात बायकांनीच ठेवला असंल ना? इतकी वर्सं आमी या कागदाची पूजा करून राह्यलो, अन् आज त्या सुनेचं म्हननं ऐकलं." आणि मुलाकडे वळून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुह्यापेक्षा तो फळा शहाना हाय. पुसला तं पाहून घे, मीच येऊन लिहीन."

हॉल जो हसला, काका! आधी बाया हसल्या, मग पुरुष, मग तोंड लपवत अध्यक्षही. हात वर करायला कुणी सांगितलंच नाही, सगळ्यांनी आपणहून केले. खोली राहिली. फळा राहिला. दारापाशी टाळ्या वाजत होत्या आणि मला एकदम रडू आलं, ते मी खोकल्यात घालवलं.

आता गावातली सात घरं जुन्या कागदांची गाठोडी घेऊन येतात. रविवारी खुर्च्या पुरत नाहीत, माणसं सतरंज्या घेऊन येतात. आसेगावच्या वाचनालयानंही दारात फळा लावलाय आणि दर सोमवारी फोन करून विचारतात, या वेळी कोणती तीन? मोडी शिकायला नऊ जणी बसतात, त्यात दोघी सत्तरीच्या. अध्यक्ष स्वतः चॅनेलांची नावं आणतात आणि म्हणतात, "पाहून घेजा बाई, मंगच लिहिजा." इतिहासाच्या कपाटाला दुसरं कपाट जोडावं लागलं. जिंकलो आपण. असं म्हणायची मला सवय नाही, पण हे मी मोठ्यानं म्हणते.

हे पत्र काकूंना वाचून दाखवायचं असं ठरवून लिहायला बसले होते. त्या अजून तुमच्या नावानं सकाळचा पहिला चहा ओट्यावर ठेवतात, त्यांना आवडलं असतं. पण आता नाही दाखवणार. त्या पहिली गोष्ट हीच विचारतील की सध्या काय वाचतेस, आणि गेल्या दिवाळीपासून मी एकही पुस्तक पुरं केलेलं नाही. डोळे दुखतात, असं लोकांना सांगते. डोळ्यांना काही झालेलं नाही; दोन पानं झाली की हात फोनकडे जातो.