वाढत्या अंगाचं माप

१४ जून १९८२, निपाणी
सुमीच्या पायाला बांधायचा लोखंडी कॅलिपर आला एकदाचा. आला तो आखूड! माप घेऊन वर्ष उलटलं. पोलिओचा असला तरी पोरीचा पाय वाढणारच की. गुडघ्याची कडी पिंढरीवर येते. पोरगी सातवीत गेली तरी ह्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून शाळेला. हे तिला सोडून तंबाखूच्या वखारीत, मी माझ्या शाळेत. दिवसभर दुसरीच्या पोरांवर खेकसले. त्यांचा काय दोष.

१९ जून
बेळगाव. अपंगांच्या अनुदानाचं ऑफिस. क्लार्क सज्जन आहे, तेच वाईट. भांडताही येत नाही. म्हणाला, "आखूड हाय हे मलाबी दिसतंय बाई. पण ठेवून घेतला तर तीन वर्षं दुसरा न्हाय. परत करा, नवा अर्ज द्या." नवा अर्ज म्हणजे नवा दाखला. कोल्हापूरच्या डॉक्टरांचा आता चालत नाही म्हणे, परराज्यातला! तिसऱ्या वर्षापासून सुमीला तेच बघतात. पोरीच्या पायाला कुठलं राज्य लागतं?
परत केला. येताना बसमध्ये सुमी खिडकीकडे तोंड करून बसली.

६ जुलै
बेळगावला परत. डॉक्टर रजेवर. "नाळे बर्री." उद्या या म्हणायला त्या लोकांचं काय जातंय. मला रजा मागायला हेडमास्तरांसमोर उभं राहावं लागतं.

२८ जुलै
डॉक्टर होते. शिक्का असलेलं कपाट बंद, किल्लीवाला लग्नाला.

३ सप्टेंबर
दाखला मिळाला. अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतला. ह्यांना कळलं तसा दोन दिवस अबोला. सीमाप्रश्नाचा राग माझ्यावर! आज शेवटी म्हटलं, "प्रश्न सुटेस्तोवर पोरीनं सरपटत जायचं काय?" जेवले. नंतर अर्ज स्वतःच पाकिटात घातला. तेवढं बरं.

११ जानेवारी ८३
फाईल कुठल्याशा टेबलावर. कुठल्या, ते टेबलवाल्यांनाही माहीत नाही.

१२ मार्च
मंजुरी आली. आज बेळगावच्या वर्कशॉपमध्ये माप. सासूबाई हट्टानं बरोबर. सगळ्या बसभर एकच: "शिंप्याला सांगतीस तसं सांग गं. वाढत्या अंगाचं घ्या म्हणावं." आमच्यात पोराच्या अंगाबरोबर कधी काय शिवलंय? सुमीच्या फ्रॉकला खाली तीन दुमडी. मग मीही धीर केला. म्हटलं, दोन बोटं जास्त धरा. कारागीर हसला. "सगळ्या आया हेच सांगत्यात. येईस्तोवर वरीस जातंय, बरोब्बर बसंल." जास्तच धरलं त्यानं.
घरी येताना हलकं वाटलं. सरकारला पुरून उरलो म्हणून.

३० एप्रिल
सुमी पास. जूनपासून हायस्कूल. शाळेतली पोरं तिला कॅरिअरवर बघून ओरडतात, "बोद आलं रं, बोद!" तंबाखूनं ठासून भरलेली बोदं सायकलवर जातात तशी. मला आज सांगतेय, दोन वर्षांनी. म्हणाली, "हायस्कूलला मी चालत जाणार. बाबांच्या मागं बसून न्हाय." ह्यांनी ऐकलं. सायकल पुसत होते, पुसतच राहिले.

९ मे
कार्ड आलं. कॅलिपर तयार. दोन महिन्यांत! जन्मात पहिल्यांदा सरकार वेळेवर आलं. आणि माप तर वर्षभराची वाढ धरून दिलेलं!

१६ मे, सोमवार
व्हायचं तेच झालं. लांब. कडी गुडघ्याच्या वर. डॉक्टर ओरडले, "हे माप कुणी दिलं?" मी जमिनीकडे बघत उभी. कारागीरही. पुढच्या सोमवारी घालून चालून दाखवायचं, तरच सही. नाहीतर परत, आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला. कापून घेतला तर चालेल म्हणाले. "पण एकदा कापला की वाढत नाही. आणि तीन वर्षं दुसरा नाही. हिचं वय वाढीचं आहे, विचार करा."
आठ दिवसांत विचारच करायचा फक्त.
शहाणपण नडलं. सासूबाईंवर चिडले. त्या म्हणाल्या, "मी काय सरकारला घाई कर म्हणालतो?"

१८ मे
बुटात चिंध्या कोंबून बघितलं. सुमी ओसरीच्या टोकापर्यंत गेली. स्वतः! सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. पट्टे सोडले तर जांघेत कातडं सोललेलं. "दुखत न्हाय" म्हणाली. मी आत जाऊन रडले. मग राग आला, कुणावर ते ठरेना.

२० मे
हे म्हणतात कापू. जूनला चालू तर लागेल. मी म्हणते, दिवाळीला परत आखूड झाला की? पुन्हा कॅरिअर? हे म्हणाले, "दिवाळीपर्यंत तरी चालंल की गं." त्यांचंही खोटं नाही. लोहाराला दाखवून आले. तो म्हणाला, "कापायला येळ लागत न्हाय. घरात एकदा इचारा."

२२ मे, रविवार
उद्या बेळगाव. लोहार दिवेलागणीपर्यंत थांबतो म्हणालाय. हे चपला घालून तयार. सुमी कॅलिपर देईना, मांडीखाली घेऊन बसलेली. "कापू नगासा. मी वाढते."
"उद्यापर्यंत?"
"मग डॉक्टरांनी थांबावं. आमी थांबलाव न्हवं?"
हे दारापर्यंत जाऊन थांबले.
मग सुमी स्टूलवर चढून माळ्याच्या तुळईला लटकली. लोंबकळलं की उंची वाढते, कुणीतरी सांगितलंय शाळेत. हात दणकट आहेत तिचे, आजवर हातांवरच तर घर फिरली. चांगला पाय ताणलेला, दुसरा नुसता हलतोय. वरूनच ओरडते, "आई, बघ गं, वाढले काय?"
कॅलिपर खाली मोकळा पडलाय. हे दारात उभे, माझ्याकडे बघताहेत. बाहेर अंधारायला लागलं. लोहाराकडे न्यायचा की ठेवायचा, ते आता माझ्या शब्दावर.