रंगीत फिल्मचे नऊ चष्मे

मी, शकुंतला प्रभाकरराव भोयर, वय वर्षे चौसष्ट, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार पिपरी (मेघे), तालुका व जिल्हा वर्धा, आज सोमवार दिनांक ११ डिसेंबर २००६ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे आणि रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. आज माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणारे पूर्वी होते, आणि तेव्हा मी त्यांचे ऐकले. ते कलम पाचमध्ये येईल. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ तेच वाचावे. बाकी सोने-भांडी आहे.

शाळेचे नाव मी कोठेही लिहिणार नाही. चूक माझी आहे, इमारतीची नाही.

कलम १. माझ्यामागे तेरवी करू नये. नातेवाईक ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे. केलीच तर शाळेच्या संस्थेचा सचिव धनंजय याला पहिल्या पंगतीत बसवू नये.

कलम २. माझे सोने आणि बँकेतील ठेव माझा मुलगा भूपेंद्र याला द्यावी. तो पुण्यात संगणक इंजिनिअर आहे आणि शनीसाठी बोटात नीलम घालतो. विज्ञानाच्या मास्तरणीच्या पोटी नीलमवाला निघाला, म्हणून शिक्षकांच्या खोलीत माझी पुष्कळ थट्टा झाली. त्या अंगठीवरून मी त्याच्याशी दोन दिवाळ्या बोलले नाही. भूपेंद्र, ती माझी चूक होती. तू मला एकदा म्हणालास, "आई, तुझं सगळं बरोबर असते, फक्त तुझ्याजवळ बसवत नाही." ते मला लागले, आणि लागायलाच हवे होते.

कलम ३. तीन इंची दुर्बीण, दोन सूक्ष्मदर्शक, भिंगांची पेटी आणि माझी सर्व हत्यारे (पाना, पक्कड, डागणी, काचकापणी) शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावीत. अट एकच, ती खोली तेव्हा प्रयोगशाळाच असली पाहिजे.

ही अट का, ते सांगते. येत्या रविवारी, १७ तारखेला, सकाळी दहा वाजता संस्थेची सभा आहे. सचिव धनंजय याने ठराव आणला आहे की प्रयोगशाळेच्या खोलीत फी घेऊन ज्योतिष व वास्तूचे वर्ग चालवावेत, आणि विज्ञानाचे प्रयोग शिक्षकांनी फळ्यावर काढून दाखवावेत. फळ्यावर काढलेल्या चुलीवर चहा होत असेल तर हेही होईल. निवृत्त शिक्षक म्हणून मला सभेत बोलता येते, मत देता येत नाही. अकरापैकी पाच सभासद त्याच्याकडे आहेत, चार आमच्याकडे, आणि दोघे वारा पाहत आहेत.

कलम ४. माझे पितळी होकायंत्र धनंजयला द्यावे. तो एकोणऐंशी सालच्या दहावीतला माझाच विद्यार्थी. वास्तूच्या वर्गात निदान उत्तर दिशा तरी बरोबर दाखवता येईल. हे मी रागाने देत आहे, आणि राग आहे हे लपवत नाही.

कलम ५. हे कलम मी तीनदा लिहून फाडले. आता फाडणार नाही.

१९९५ साली लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होते. वर्ध्याला ते खंडग्रास दिसणार होते. आम्ही काही जण त्या काळात विज्ञानाच्या प्रचाराचे काम करत होतो. गावोगाव जायचे, बाबा-बुवांचे हातचलाखीचे खेळ करून दाखवायचे, हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन नागपूरला जायचे. ग्रहणाला मुलांना घराबाहेर काढायचे असे आम्ही ठरवले. सुट्टी असूनही मी शाळेच्या मैदानावर मुलांना बोलावले.

माझे यजमान प्रभाकरराव यांचा फोटो स्टुडिओ होता. उजेड लागून वाया गेलेली फिल्म धुतली की काळी होते. तिचे दोन थर पुठ्ठ्यात बसवून मी बत्तीस चष्मे केले. चळवळीच्या पत्रकात ठळक लिहिले होते की फिल्म कृष्णधवलच हवी. तिच्यात चांदी असते आणि ती सूर्याची उष्णता अडवते. रंगीत फिल्म डोळ्याला तेवढीच काळी दिसते, पण तिच्यातून उष्णता आत जाते.

बत्तीसच्या जागी एक्केचाळीस मुले आली. पारोशी, उपाशी, आयांचा डोळा चुकवून आलेली. मला इतका आनंद झाला की काय सांगू! परत कोणाला पाठवायचे? स्टुडिओ दोन गल्ल्यांवर होता. मी धावत गेले. कृष्णधवल संपली होती. रंगीत फिल्मचा डबा भरलेला होता. मी पत्रक वाचले होते. वाचूनही म्हटले, काळे ते काळे, दहा मिनिटांनी काय होते? आणि नऊ चष्मे कापून आणले.

त्या नवांपैकी एक रुचिका ढगे हिच्या हाती गेला. ती सहावीत होती, वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. बाकीच्या आठ मुलांनी क्षणभर पाहिले आणि ती खेळायला पळाली. रुचिकाला मी काम दिले होते, दर पाच मिनिटांनी सूर्य पाहून चित्र काढायचे. सांगितलेले तिने चोख केले. तिची वही माझ्याकडे आहे. तीत चौदा चित्रे आहेत, आणि शेवटच्या दोन चित्रांत सूर्याचा काठ वाकडा आहे. खाली मी लाल शाईने "उत्तम" लिहिले आहे.

तिच्या उजव्या डोळ्याच्या मधोमध डाग पडला. कडेचे दिसते, समोरचे दिसत नाही. डॉक्टरांनी सूर्याने पडदा भाजला असे सांगितले.

सुट्टीनंतर तिची आई कांता तिला हाताला धरून शाळेत घेऊन आली. मुख्याध्यापकांच्या खोलीत पंधरा-वीस माणसे होती. मला विचारले तेव्हा मी म्हणाले, "तिने चष्मा बाजूला करून पाहिले असेल. बाकी चाळीस मुलांना काही झाले नाही."

रुचिका म्हणाली, "मी नाई काढला जी, मॅडम."

कांताने सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. "खोटं बोलून राह्यली! मॅडम काय खोटं बोलतीन?"

मी खुर्चीवरून उठले नाही.

चष्मे मी त्याच दिवशी चुलीत घातले. संध्याकाळी चळवळीतले आमचे वडीलधारे महादेवराव घरी आले. त्यांना मी खरे सांगितले. ते म्हणाले, "बाई, आता कबूल केलं तर पुढची पन्नास वर्षं एकही पोरगं ग्रहण पाह्यले बाहेर नाई पडणार. चळवळीचा इचार करा." मी चळवळीचा विचार केला. खरे म्हणजे मला माझी नोकरी, माझे नाव दिसत होते. चळवळ हे त्यावर घातलेले पांघरूण होते. प्रभाकररावांनी फिल्मचा डबा पाहिला होता. ते एवढेच म्हणाले, "शकू, सांगून टाक. पोरगी आहे ते." मरेपर्यंत त्यांनी हा विषय आणखी एकदाच काढला, आणि तेव्हाही मी ताटावरून उठून गेले.

पुढचे सर्वांना माहीत आहे. डॉक्टरचे बोलणे मागे पडले आणि पिपरीपासून बोरगावपर्यंत एकच गोष्ट झाली, ढग्यांच्या पोरीला ग्रहण लागले. कांताने शांती केली. रुचिकाची दोन स्थळे मोडली. १९९९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा ग्रहण आले, तेव्हा मी मैदानावर एकटी उभी होते आणि वर ढग होते. एकही मूल आले नाही. ज्या गोष्टीच्या भीतीने मी खोटे बोलले, तीच माझ्या खोटेपणाने घडवली. मी कारण दडवले, म्हणून गावाने आपल्या पद्धतीने कारण शोधले. धनंजयचा ठराव ज्या पायावर उभा आहे, तो पाया मी घालून दिलेला आहे. सभेत तो दरवेळी म्हणतो, "ढग्याच्या पोरीचं काय झालं ते मॅडमले विचारा." आणि मी दरवेळी पाणी पिते.

कलम ६. पिपरी (मेघे) येथील माझे दोन खोल्यांचे राहते घर, मोरी व अंगणासह, रुचिका ढगे हिला द्यावे. माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांच्या आत महादेवरावांनी कलम पाच शाळेच्या मैदानावर मोठ्याने वाचून दाखवावे. हयातीत वाचले तर धनंजय त्याचा उपयोग करून प्रयोगशाळेला कुलूप लावील. विज्ञानानेच पोरीचा डोळा घेतला म्हणेल. मी गेल्यावर त्याला कोणाशी भांडता येणार नाही, असे मला वाटते.

पुरवणी. शनिवार, दिनांक १६ डिसेंबर २००६.

वरील कागद वकिलांना दाखवला. ते म्हणाले, दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला यातून काही मिळणार आहे त्याची साक्ष घेऊ नका. प्रती काढून ठेवा असेही म्हणाले. झेरॉक्सची दुकाने पिपरीत चार आहेत. मी रिक्षा करून सावंगीला गेले. तिथे मेडिकल कॉलेजच्या रस्त्यावर रुचिकाचे झेरॉक्स व टायपिंगचे दुकान आहे. बुधवारी गेले आणि दुकानासमोरून परत आले. गुरुवारीही तेच. आज आत गेले. कागद तिच्या हातात दिले आणि म्हणाले, "दोन प्रती. वाचायची गरज नाही."

असे म्हटल्यावर कोण वाचणार नाही? मला सांगायचे होते आणि सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी यंत्रावर ठेवायला दिले. चौसष्टाव्या वर्षी ही माझी हुशारी.

ती मान थोडी उजवीकडे वळवून, डावा डोळा पुढे करून वाचते. दोन विद्यार्थिनी नोट्स घेऊन आल्या, त्यांना तिने बाजूच्या दुकानात पाठवले. सगळी पाने वाचून झाल्यावर तिने यंत्र बंद केले.

"मेल्यावर काऊन, मॅडम?"

मी प्रयोगशाळेचे सांगितले. ठरावाचे, पाच आणि चार मतांचे.

"अकरा वर्षं मी आठवून पाह्यलं," ती म्हणाली. "रोज. मले वाटे, मीच काढला असंन चष्मा अन् विसरली असंन. माय मारे तर मले वाटे, बरोबरच मारते. अन् तुम्ही मले घर देऊन राह्यल्या? त्या घरात बसून मी काय करू? मेलेल्या माणसाले इचारू?"

मी म्हटले, "खोली बंद पडेल, रुचिका. पुढच्या मुलांचे नुकसान होईल."

"पडली तर पडली. तुम्हीच शिकवलं ना, प्रयोग चुकला तर काय चुकलं ते वहीत लिहा, पान फाडू नका म्हणून? का ते फक्त आमच्यासाठी होतं?"

मी दुकानातल्या स्टुलावर बसून रडले. तिने पाणी दिले, पण गप्प करायला आली नाही. ते योग्यच केले.

म्हणून कलम सहा मी रद्द करते. कलम पाच उद्याच्या सभेत, धनंजयच्या ठरावाआधी, मी स्वतः उभी राहून वाचणार आहे. कांतालाही बोलावणे पाठवले आहे. मला खूप भीती वाटते. वारा पाहणारे दोघे उद्या तिकडे जाणार हे मला जवळजवळ दिसते आहे, आणि ती खोली मी तीस वर्षे सांभाळली आहे. तरीही वाचेन. खोली वाचवायला पुन्हा त्याच पोरीला खोटे पाडायचे असेल, तर त्या खोलीत आम्ही काय शिकवत होतो?

दुकानातून फोन केला तेव्हा महादेवराव सायकलने आले. त्यांनी इथेच बसून लिहिलेली पुरवणी इथवर वाचली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि रुचिकाकडे न बघता म्हणाले, "बाई, उद्या माझंही नाव घेजा. तुम्हाले गप्प बसा म्हणणारा मी होतो."

दुसऱ्या साक्षीदारासाठी मी शेजारच्या दुकानदाराला हाक मारणार होते. रुचिकाने माझ्या हातातून पेन घेतले. मी तिला वकिलांचे म्हणणे समजावून सांगितले, की सही केलीस तर या मृत्युपत्रातून घर तुला पुन्हा देता येणार नाही, त्यावर पाणी सोडावे लागेल. ती म्हणाली, "मले समजते जी," आणि कागद ओढून घेतला. घराचे काय करायचे ते मी जिवंतपणी ठरवेन. तोवर भूपेंद्रने ते विकायची घाई करू नये.

वरील सर्व मजकूर माझा आहे. खाडाखोड फक्त कलम सहामध्ये आहे व ती मीच केली आहे. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही केली, आणि माझ्या देखत त्यांनी केली.

स्थळ: सावंगी (मेघे), जिल्हा वर्धा
दिनांक: १६ डिसेंबर २००६

(सही) शकुंतला प्रभाकरराव भोयर

साक्षीदार १: (सही) महादेवराव तानबाजी झाडे, वय ७३, निवृत्त एसटी कर्मचारी, रा. बोरगाव (मेघे)

साक्षीदार २: (सही) रुचिका बापूजी ढगे, वय २३, धंदा झेरॉक्स व टायपिंग, रा. पिपरी (मेघे)
वाचून सही केली. उद्या साडेनऊला लुना घेऊन येतो, मॅडम. तयार राहजा.